लांब पल्ल्याच्या धावेनंतर

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या शुभप्रसंगी आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहे. तेव्हा उपदेशाऐवजी स्वतःची एक चूकच आपल्यापुढे ठेवतो.

चाळिशी उलटल्यावर मला मॅरेथॉन धावण्याची हौस उत्पन्न झाली. ही शर्यत 42.195 किलोमीटरची. 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, ही गोष्ट मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असे. सांगता सांगता एके दिवशी मीच असीरगडच्या रस्त्याला लागलो.

दहा-बारा किलोमीटरपर्यंत सारे सुखाचे होते. विसाच्या पुढे गेल्यावर मात्र घरी पोचताच घेरी येई, मळमळे, अन्नावर वासना राहत नसे. मी मुकाट्याने पडून राही आणि विचारले असता 'ऊन लागले' म्हणून सांगे. मास्तराने दमावे, हे मला कमीपणाचे वाटे.

याची कारणे पुढे समजली. धावताना पिंढऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. आपण एकदम थांबलो की रक्त पायांत साचते, दाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून धाव संपल्यावर दहा मिनिटे चालत राहावे. तरीही घेरी आली तर आडवे होऊन पाय उंच ठेवावेत. धावताना पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते, त्यामुळे मळमळते. शिवाय दीड-दोन तासांत अंगातील साखरेचा साठा सरत येतो. मी तर उपाशीपोटी धावत होतो, आणि तेही केळ्यांच्या गावात राहून!

मग एकाने सल्ला दिला, 'भरपूर पाणी प्या.' 1615 सालच्या कुंडी भंडाऱ्याचे आपण वारसदार. पाण्याने कधी अपाय होईल, हे आपल्या मनातही येत नाही. मी तांब्यामागून तांब्या रिचवू लागलो. एका रविवारी डोके ठणकू लागले, पोट फुगले. घरच्या मंडळींनी हाताकडे बघून म्हटले, "अहो, अंगठी बोटात रुतली आहे!" वजन केले, तर सकाळपेक्षा एक किलो अधिक.

घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. अशा वेळी नुसते पाणी अतोनात प्यायले की रक्तातील मीठ पातळ होते. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी सुमारे 13 टक्के जणांच्या रक्तात सोडियम कमी आढळले, आणि शर्यतीत ज्यांचे वजन वाढले त्यांना हा धोका विशेष होता. तेव्हा तहानेपुरते प्यावे. धावेनंतर वजन थोडे उतरलेले चालेल, वाढलेले चालणार नाही. आता मी धावेपूर्वी केळे खातो, आल्यावर मीठ घातलेले ताक घेतो, आणि रोज्याच्या दिवसांत लांब धाव बंद ठेवतो.

एवढ्यावर हे निभावले असते, तर मी आज बोललो नसतो. माझ्या मागोमाग आमच्या शाळेतील एक मुलगा धावत असे. उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी तो रस्त्याच्या कडेला बसला. ओकारी झाली, अंग तापले, बोलणे असंबद्ध होऊ लागले. आम्ही त्याला सावलीत नेले, अंगावर पाणी ओतले, वारा घातला आणि दवाखान्यात पोचवले. सुदैवाने तो बरा झाला. तीन आठवडे धावेनंतर त्याला मळमळत होते, असे तेव्हा कळले.

"मग बोलला का नाहीस?" मी विचारले.

"सर, तुम्हीसुद्धा कधी बोलला नाहीत."

या उत्तरापुढे मी खाली मान घातली. मी त्याला धावणे शिकवले, आणि दुखणे लपवणेही शिकवले.

मंडळी, धावल्यावर थकवा येणारच. तो जेवणाने आणि झोपेने जातो. परंतु भ्रम होणे, ओकाऱ्या न थांबणे, छातीत दुखणे, तांबडी-काळी लघवी होणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. मूत्रपिंडाला अपाय होतो.

आपली मुले मैदानावर जावीत, खूप धावावीत. फक्त घरी आल्यावर त्यांना 'किती धावलास?' एवढेच विचारू नका, 'कसे वाटते?' हेही विचारा. आणि वडीलधाऱ्यांनो, आपल्याला कसे वाटते, तेही त्यांना खरे सांगा.