‘होल्ड’ म्हणजे केवळ धरणे नव्हे



इ. स. २००० पासून आपल्या राज्यात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. ‘होल्ड म्हणजे धरणे’ हे मुले घोकतात. पुढे ‘होल्ड अ मीटिंग’ आले की सभा धरावी कशी, असा प्रश्न त्यांना पडतो, आणि तो रास्तच आहे.

या शब्दाचे मूळ पाहावे. जर्मन ‘हाल्टेन’ हा त्याचा भाऊबंद. चौथ्या शतकात बायबलचे जे गॉथिक भाषांतर झाले, त्यात ‘हाल्डन’ हे क्रियापद जनावरे राखण्याच्या अर्थाने येते. तेव्हा आधी राखणे, सांभाळणे; मुठीत धरणे मागाहून. आपल्या ‘राखणे’चा विस्तारही असाच नाही काय? गुराखी गुरे राखतो, आपण मान राखतो, मौन राखतो. ‘बिहोल्ड’ म्हणजे पाहणे, यातही ती जुनी नजर शिल्लक आहे. (जहाजाच्या तळातील ‘होल्ड’ मात्र परका, तो पोकळीवाचक ‘होल’पासून निघून या कुळात मिसळला.)

म्हणून फळ्यावर सुटा अर्थ न लिहिता पेन्सिल धरणे, श्वास रोखणे, सभा भरविणे अशी वाक्ये द्यावीत. सुटीत गुरे राखणारा एखादा मुलगा वर्गात असेल, तर प्रारंभ त्याच्यापासून करावा.