फिरते घर आणि रस्त्यावरची धूळ



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. धूळ ही काय व्याख्यान देण्याजोगी वस्तू आहे काय? परंतु भाताची कापणी आटोपल्यापासून मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत ज्यांनी भंडारा जिल्ह्यातील मुरमाच्या रस्त्यांवरून आणि पांदणींतून प्रवास केला आहे, ते हसणार नाहीत. दाट काळी कन्हार, तिच्याहून हलकी मोरांड, पिवळसर रेताड सिहार आणि तांबडी खडेरी बरडी अशा नाना जातींच्या माती या जिल्ह्यात आहेत. चाकाखाली भरडल्या गेल्या म्हणजे त्या सर्वांचा फुफाटा होतो आणि तो बंद गाडीतही शिरतो.

सन २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. निजावयाची, बसावयाची आणि रांधावयाची सोय त्यात असते. नागझिरा, कोका किंवा पवनीकडील अरण्य पाहावयास निघालेल्या कुटुंबाने असे घर घेऊन लाखनी-साकोलीकडील महामार्ग सोडला आणि आतल्या गावाची वाट धरली, की तासाभरात अंथरुणावर, भांड्यांत आणि पिण्याच्या पाण्यावर तांबूस थर दिसू लागतो. खिडक्या तर सर्व लावलेल्या असतात! मग ही धूळ येते कोठून?

या प्रश्नाचे उत्तर समजण्यास प्रथम आपली जुनी बैलगाडी आठवावी. रेंगी किंवा छकडा मंद गतीने चाले. धूळ उडे ती बैलांच्या खुरांनी आणि पुढे चाललेल्या गाडीने, म्हणजे समोरून. म्हणून पुढच्या बाजूस पडदा बांधणे, तोंडावर पदर अथवा दुपट्टा घेणे आणि पाठ फिरवून बसणे, हे उपाय योग्यच होते. मोटारीच्या बाबतीत मात्र हा अनुभव आपली दिशाभूल करितो. वेगाने जाणारी मोटार समोरची हवा दोहों बाजूंस लोटते. तिच्या पाठीमागे क्षणभर पोकळी झाल्यासारखी होते आणि ती भरून काढण्यास हवा भोवरे घेत मागून धावून येते. त्याच ठिकाणी चाकांनी उडविलेला धुरळा असतो. गाडीच्या पाठीशी हवेचा दाब कमी पडल्यामुळे तो तेथेच घोटाळत राहतो. अशा स्थितीत बाजूची खिडकी उघडली, तर बाहेरून सरकणारा वारा आतली हवा ओढून घेतो. आतला दाब उतरतो आणि त्याची भरपाई करण्यास मागच्या दाराच्या फटीतून व तळाच्या भोकांतून धुळीने भरलेली हवा आत येते. सारांश, धूळ आपल्या घरात ढकलली जात नाही, ती शोषली जाते.

एवढे तत्त्व ध्यानात आले म्हणजे उपाय आपोआप सुचतात. ते दोन प्रकारचे आहेत: खालून आणि मागून बंद करणे, व पुढून किंवा वरून स्वच्छ हवा आत घेणे. यांपैकी एकच केल्यास काम अर्धे राहते.

प्रथम बंद करण्याविषयी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ज्या धुळीने छातीस अपाय होतो तिचे कण १० मायक्रॉनहून लहान असतात. एक मिलिमीटरच्या फटीतून असे शंभर कण एकमेकांशेजारी उभे राहून आत येऊ शकतील. म्हणून डोळ्यांना क्षुल्लक वाटणारी फट क्षुल्लक समजू नये. रात्री गाडीत दिवा लावून बाहेरून पाहावे. जेथून उजेड झिरपतो, तेथून धूळही येणार. दाराच्या रबरी पट्टीची परीक्षा आणखी सोपी आहे. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावावे. ती सहज ओढून निघाली, तर रबर झिजले आहे असे जाणावे. चाकांवरील कमानी, विजेच्या तारा व पाण्याच्या नळ्या जेथून तळ भेदून जातात ती भोके, आणि सामान ठेवण्याच्या बाहेरील कप्प्यांची झाकणे ही ठिकाणे विशेष तपासावी. एक जागा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ती म्हणजे मोरीची सांडपाण्याची नळी. तिचे तोंड गाडीच्या पोटाखाली उघडे असते आणि धूळ त्या नळीतून वर चढून भांड्यांत येते. निघण्यापूर्वी मोरीस बूच लावले म्हणजे हा मार्ग बंद होतो.

येथे एक गंभीर इशारा देणे अवश्य आहे. स्वयंपाकाचा वायू हवेहून जड असतो. तो कोठे गळला तर जमिनीलगत साचतो. तो बाहेर जावा म्हणून अशा गाडीत तळाशी झरोके ठेवलेले असतात. धुळीच्या त्राग्याने ते कायमचे बुजविणे म्हणजे घरात स्फोटाची सिद्धता करणे होय. प्रवासात सिलिंडरची तोटी बंद करून त्यांवर तात्पुरता गाळणीचा कपडा लावावा आणि मुक्कामी शेगडी पेटविण्यापूर्वी तो काढलाच पाहिजे. तसेच मागचे दार किंवा खिडकी उघडी ठेवून गाडी चालवू नये. ज्या ओढीने धूळ आत येते, त्याच ओढीने इंजिनाचा विषारी धूरही येतो. धूळ निदान दिसते, त्यातील कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

आता दुसरा उपाय. छपरावर पुढच्या बाजूस तोंड असलेला व आत गाळणी बसविलेला झरोका असावा. गाडी धावू लागली म्हणजे वारा त्यात भरतो, आतला दाब बाहेरच्याहून किंचित वाढतो आणि राहिलेल्या फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाऊ लागते. ऑस्ट्रेलियातील लांबलचक कच्च्या रस्त्यांवर असे झरोके पुष्कळ वापरात आहेत. साध्या मोटारीतही हे साधता येते. पंखा बाहेरची हवा गाळून आत घेईल अशा बेताने लावावा. समोरून ट्रक येऊन दाट लोट उठला, तर तेवढ्यापुरती बाहेरची हवा बंद करावी आणि लोट ओसरताच पुन्हा सुरू करावी. गाळणी वरचेवर साफ करावी. चोंदलेली गाळणी हवाच आत येऊ देत नाही व मग दाब वाढत नाही.

इतके करूनही थोडी धूळ येणारच. निश्चल हवेत १० मायक्रॉनचा कण दोन मीटर खाली उतरण्यास सुमारे चार मिनिटे लागतात, तर २ मायक्रॉनच्या कणास सुमारे दीड तास लागतो. म्हणून मुक्कामी पोहोचताच अंथरूण झटकू नये व कोरडा झाडूही फिरवू नये. आपल्या आयाबहिणी सडा घातल्यावाचून अंगण झाडीत नाहीत, त्यामागील शहाणपण हेच आहे. ओल्या फडक्याने पुसावे आणि पुसणे वरून खाली करावे.

हा सर्व खटाटोप केवळ सहलीस निघालेल्यांसाठी आहे असे कोणी समजू नये. खेड्यापाड्यांत जाणारा फिरता दवाखाना, बाळंतिणीस घेऊन येणारी रुग्णवाहिका आणि दमेकरी म्हाताऱ्यास शहरात नेणारी भाड्याची मोटार या सर्वांना हेच नियम लागू आहेत. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास मज्जातंतूंस बाधा होते, हे वैद्यकास १८३७ पासून ठाऊक आहे. हे भय तेथे दीर्घकाळ राबणाऱ्यांविषयी आहे, वाटसराने त्यामुळे घाबरू नये. पण साध्या मातीतही गारेचा बारीक अंश असतो आणि फुप्फुसास तो मानवत नाही.

अखेरीस एक गोष्ट सांगतो. आपल्या गाडीत न शिरलेली धूळ नाहीशी होत नाही. ती शाळेतून परतणाऱ्या मुलांवर, खळ्यावरच्या धानावर आणि रस्त्यालगतच्या घरातील उघड्या भाकरीवर जाऊन बसते. रबर, बूच आणि गाळणी यांनी आपले रक्षण होते, त्यांचे नाही. त्यांचे रक्षण करणारा उपाय एकच आहे, आणि तो चालकाच्या पायाशी आहे. वेग उतरला की धुरळा उतरतो आणि मागची ओढही मंदावते. वस्ती दिसू लागताच गाडी हळू करावी आणि पुढच्या गाडीपासून तिचा लोट विरेल इतके अंतर राखावे. यात पाचदहा मिनिटे अधिक जातील. परंतु ज्यांच्या गावावरून आपण जातो त्यांच्या श्वासाची किंमत तितकी तरी असावी.