रक्तदाबाची गोळी आणि कामाची पाळी



आम्ही कामगारांत वावरणारे. वैद्यकाचे आमचे ज्ञान ऐकून-वाचून मिळवलेले. २०२० साली करोना आला तेव्हा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हा रोग बळावतो अशी आवई उठली, आणि कित्येकांनी त्या आपल्या मनाने सोडल्या. ज्या प्रथिनाला धरून विषाणू पेशीत शिरतो, ते या गोळ्यांनी वाढत असावे, असा तो तर्क होता. पण तर्क म्हणजे सिद्धान्त नव्हे. ब्राझीलमध्ये सौम्य ते मध्यम आजाराच्या ६५९ इस्पितळवासी रुग्णांवर प्रयोग झाला. सुमारे निम्म्यांची गोळी महिनाभर थांबवली, बाकीच्यांची चालू ठेवली. जानेवारी २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: थांबवून लाभ नाही.

आजार जबर असेल, प्राणवायू लावावा लागला असेल, तर स्टेरॉइड देतात. त्याने रक्तदाब आणि साखर वाढू शकते. दाब बहुधा दुखत-खुपत नाही. तो मोजावाच लागतो. परंतु रजा संपली की अशक्त माणूस रात्रपाळीला हजर होतो, कारण चूल थांबत नाही. म्हणून पगारी रजा, काही दिवस हलके काम आणि कारखान्यात दाब मोजण्याची सोय, या मागण्या आम्ही पगारवाढीच्या बरोबरीने मांडतो. तुम्ही एवढे करा: डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी सोडू नका.