नळीची खोटी वर्दी



माझ्या मामांचं पोटाचं ऑपरेशन झालं. भूल उतरली आणि मामा ओरडू लागले, "अरे, मला लघवीला लागलीय, उठव मला!" नळी तर लावलेलीच होती, पिशवीत लघवी उतरत होती. आम्ही त्यांनाच समजावू लागलो, "मामा, उगीच त्रागा करू नका." शेवटी त्यांनी नळीलाच हात घातला. सिस्टरनं वेळीच धरलं म्हणून निभावलं.

मामांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना लागलेली घाई अगदी खरी होती. खोटी होती ती वर्दी.

नळी आतच राहावी म्हणून तिच्या टोकाशी लहानसा फुगा असतो. त्यात साधारण १० मिलिलिटर पाणी भरतात. नळी आणि फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी टेकतात, तिथले मज्जातंतू चाळवतात, स्नायू आवळतो आणि मेंदूला वर्दी जाते, 'मूत्राशय भरलं!' त्यात नळी बहुधा भूल दिल्यावर घालतात. जागा होणाऱ्याला तिचा पत्ताच नसतो. पुरुषांना हा त्रास अधिक होतो, नळी जाड असली तरी अधिक होतो.

डॉक्टर काम भागेल इतकी बारीक नळी निवडतात. स्नायू शांत ठेवणारं औषधही असतं. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी टोल्टेरोडीन हे औषध शस्त्रक्रियेआधी देऊन पाहिलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हा त्रास कमी झालेला दिसला. मात्र काचबिंदू असेल, लघवी अडण्याची खोड असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावं. असलं औषध आपल्या मनानं घेऊ नये.

आपण काय करावं? नळी मांडीला चिकटपट्टीनं नीट बांधली आहे ना, ते पाहावं. म्हणजे ओढ बसत नाही. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकवता ठेवावी. नळीला पीळ नको. पिशवीत लघवी येईनाशी झाली आणि ओटीपोट फुगलं, तर वर्दी खरीही असेल. लगेच सिस्टरला बोलवावं. नळी कधी निघेल, हे रोज विचारावं. ती जितकी अधिक राहील तितकी जंतूंची भीती अधिक. आणि फुगा भरलेली नळी ओढू देऊ नये. आत जखम होऊन रक्त येतं.

सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे आधी सांगणं. "जाग येईल तेव्हा लघवीला लागल्यासारखं वाटेल. नळी आहे, घाबरू नका." एवढं वाक्य आम्ही मामांना आदल्या रात्री सांगितलं असतं, तर त्यांचा हात नळीकडे गेला नसता. गुरुजी, गावातलं कुणी ऑपरेशनला निघालं की तुमचा सल्ला घेतात. तेवढं हे वाक्य त्यांच्या कानावर घाला.