सैल किल्ली



जुन्या फटफटीची किल्ली हा काय भाषणाचा विषय झाला, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल. २०२३ सालच्या पावसाळ्यापर्यंत मलाही तसेंच वाटत होतें. आयुष्यभर मीं मुलांना भूमितीचे सिद्धान्त शिकविले; परंतु जिच्यावर माझें रोजचें जाणें-येणें अवलंबून, त्या किल्लीकडे कधीं निरखून पाहिलें नाहीं.

माझी मोटारसायकल शंभर सी. सी. ची, पंचविशी उलटलेली. किल्ली कुलपांत डुगडुगे. गाडी चालू असतांना ती उपसून हातांत घेतां येई, आणि इंजिन चालूच राही! शेजारच्या मुलांना मी हा चमत्कार कौतुकानें दाखवीत असें.

त्या वर्षीं श्रावणांत मलकापुराहून साखरप्यास येत असतां आंबा घाटांतच अंधार पडला. मागें आमची मंडळी बसलेली. उतारावर एके ठिकाणीं रस्ता उखडला होता. गाडीस हिसका बसला, आणि इंजिन व दिवा दोन्ही एका क्षणीं बंद पडलीं. पुढें धुकें, एका अंगास दरी. ब्रेकांना विजेची गरज नसते, एवढ्यावरच निभावलें.

"अहो, येथें कशाला थांबलांत?" मागून प्रश्न आला. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मोबाइलच्या उजेडांत पाहिलें, तों किल्ली अर्धी बाहेर आलेली आणि कुलूप 'बंद' या खुणेवर फिरलेलें. माझ्या गाडींत या खुणेवर ठिणगीची तार सांगाड्याशीं जोडली जाते व ठिणगी मरते. दिव्याची वाटही त्याच कुलपांतून जाते. किल्लीखालीं घराच्या, ट्रंकेच्या, कपाटांच्या किल्ल्यांचा भला मोठा जुडगा लोंबत होता. मंडळींनीं तो सोडवून आपल्या पिशवींत टाकला. "एवढें ओझें हिच्या गळ्यांत कशाला?" त्या म्हणाल्या. साखरप्यापर्यंत किल्ली जागची हलली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं प्रथम विचारलें, "गुरुजी, जोडीची दुसरी किल्ली कोठें आहे?" ती कपाटांत कोरी पडून होती. मी वापरीत होतों ती, झिजलेल्या किल्लीवरून बाजारांत करून घेतलेली नक्कल. चुकलेल्या कित्त्यावर गिरविल्यानें अक्षर सुधारत नाहीं, हें मुलांना सांगणारा मीच!

अशा कुलपाच्या पोटांत एक फिरता दंडगोल असतो. त्यांत लहान लहान पितळी पत्र्या असून प्रत्येकीस बारीक स्प्रिंग रेटून धरिते. किल्लीच्या खांचा बरोबर असल्या म्हणजे साऱ्या पत्र्या दंडगोलाच्या कडेशीं येतात व तो फिरतो. फिरल्यावर त्यांस बाहेर सरकण्यास जागा उरत नाहीं, म्हणून किल्ली अडकून राहते. खांचा किंवा पत्र्या झिजल्या कीं ती अडवणूक संपते. मग किल्ली कोणत्याही खुणेवर निघते. इतकेंच नव्हे, परक्याची किल्लीही कधीं कधीं चालते. जुडगा प्रत्येक खड्ड्याबरोबर झोके घेतो आणि ही झीज वाढवितो.

कोरी किल्ली घट्ट बसती, तर दोष केवळ वापरांतील किल्लीचा ठरता, व कोऱ्या किल्लीवरून नवी करून भागलें असतें. पण तीही थोडी हललीच. म्हणजे कुलूपही झिजलें होतें. शिवाय मीं त्यांत खोबरेल सोडलें होतें. त्यास धूळ चिकटून आंत चिखल झालेला. मिस्त्री म्हणाले, घालायचीच तर ग्राफाइटची कोरडी पूड घालावी. (पेन्सिलीच्या शिशांतही ग्राफाइट असतें, परंतु त्यांत चिकणमाती मिसळलेली असते, म्हणून तें किसून घालूं नये.) किल्ली दोऱ्यानें हँडलास बांधण्याची माझी युक्ति तर त्यांनीं तेथेंच मोडीत काढली, हँडल वळतांना दोरा कोठें गुंतेल याचा नेम नाहीं.

शेवटीं नवें कुलूप बसविलें. त्याची एक किल्ली कपाटांत आहे. दुसरी गाडीस एकटीच असते. जुडगा आतां मंडळींच्या कमरेस असतो, आणि ट्रंक उघडावयाची झाली कीं मला त्यांस हांक मारावी लागते.