शाहीर आणि डफवाला

महाडहून पोलादपूरमार्गें लागणारें उमरठ हें गांव तानाजी मालुसऱ्यांचें म्हणून सर्वांस ठाऊक आहे. सिंहगडचें रण १६७० सालीं झालें. पण रायबाचें लग्न टाकून निघालेला तानाजी घरोघरीं पोहोंचला तो तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यामुळें. पोवाडा हें एकट्याचें काम नव्हे. शाहीर शब्द फेकतो. डफ आणि तुणतुणें त्यांस ठेका व सूर देतात.

अमेरिकेंत २००४ सालीं निघालेल्या ‘मॅडव्हिलनी’ ह्या रॅप-गीतसंग्रहाची घडणहि अशीच दुहेरी आहे. एम्. एफ्. डूम ह्यानें शब्द रचून म्हटले. मॅडलिब ह्यानें जुन्या ध्वनिमुद्रिकांचे तुकडे जुळवून ठेका सिद्ध केला. एका लहान, स्वतंत्र कंपनीनें काढलेला हा संग्रह जाणत्या रसिकांनीं डोक्यावर घेतला.

भेद एकच; पण तो मोठा आहे. डूम २०२० सालीं निवर्तला, तरी त्याचा आवाज राहिला, आणि जोडीदाराचा ठेकाहि राहिला. तुळशीदासाचे शब्द १८९१ सालीं ॲक्वर्थ व शाळिग्राम ह्यांच्या संग्रहांत छापले गेले; त्याचा आवाज आणि डफाची थाप मात्र हवेंत विरली. उमरठच्या पंचक्रोशींत आज जो कोणी पोवाडा गात असेल, त्याचें ध्वनिमुद्रण वेळींच व्हावें, आणि त्यावर डफवाल्याचेंहि नांव असावें.