लाल मुनिया की हिरवी मुनिया?

आज दोन छोटे पक्षी घेऊया. दोघंही जेमतेम १० सेंटिमीटरचे, दोघंही मुख्यतः गवताच्या बियांवर जगणारे. लाल मुनिया आणि हिरवी मुनिया. आपल्याकडे मुनियाला मनोलीही म्हणतात.

दोघींचा जीनस एकच, अमांडावा. हे नाव आलंय अहमदाबादवरून. पूर्वी तिथून हे पक्षी पिंजऱ्यात भरून परदेशी जायचे. लिनियसने १७५८ साली लाल मुनियाचं शास्त्रीय नाव ठेवताना हाच शब्द वापरला. म्हणजे बघा, नावातच बाजार येऊन बसलाय!

आता ओळखायचं कसं? विणीच्या काळात लाल मुनियाचा नर गडद लाल असतो, त्यावर पांढरे ठिपके. हंगाम संपला की तो लाल कोट उतरवतो आणि जवळजवळ मादीसारखा तपकिरी दिसतो. पण शेपटीच्या वरचा भाग लालच राहतो, पंखांवरचे ठिपकेही राहतात. हिरवी मुनिया वरून पोपटीसर हिरवी, पोटाला पिवळी, चोच लाल, आणि दोन्ही कुशींवर झेब्य्रासारखे काळे-पांढरे पट्टे. मादीचे रंग फिके, पट्टे पुसट.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे साधं इफ-एल्स सांगतो: ठिपके असतील तर लाल, पट्टे असतील तर हिरवी. फक्त पिल्लांना हा नियम लावू नका, त्यांच्यात ही नक्षी नसते.

खरा फरक मात्र पुढे आहे. लाल मुनिया आपल्या महाराष्ट्रातही पाणथळ जागेजवळच्या उंच गवतात दिसते. पिंजऱ्यातून सुटून ती स्पेन, हवाईमध्येसुद्धा रुजली. हिरवी मुनिया जगात फक्त भारतीय उपखंडात. माउंट अबूचा परिसर तिच्यासाठी प्रसिद्ध. आययूसीएनच्या यादीत ती 'व्हल्नरेबल' आहे, आणि त्याचं एक मोठं कारण पुन्हा तोच पिंजरा. एकाच बाजाराने एका बहिणीला जगभर पसरवलं, दुसरीला संपवत आणलं.

म्हणून एक विनंती. बाजारात रंगीत मुनिया दिसली तर 'बिचारीला सोडवू' म्हणून विकत घेऊ नका. तुमच्या पैशाने तिच्या जागी दुसरी पकडली जाते. कित्येकदा तर साध्याच मुनियाला रंग फासलेला असतो. देशी रानपक्षी पकडणं, विकणं, पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. सरळ वनविभागाला कळवा. आणि रानात हिरवी मुनिया दिसलीच, तर फोटो जरूर टाका, पण नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर कोण कोण आहे, ते आपल्याला कुठे माहीत असतं?

भेटूया पुढच्या भागात!